ठकीला चाळीसपैकी चाळीस

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच गोड मानून घे. डावा गुडघा सध्या इतकं वाकायला तयार नाही.) तुझं पत्र पोचलं. तुझा खांदा आता वर जातो हे वाचून बरं वाटलं, भाऊजी पथ्य पाळतात हे वाचून आश्चर्य वाटलं, आणि तुझ्या शिवणाच्या वर्गात यंदा तीन मुलगे आले आहेत हे मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. इकडे ही बरी आहे. मी बरा नाही, पण ताप, सर्दी, खोकला यातलं काही नाही. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की बबडी फोन उचलत नाही, नीट जेवते का कळत नाही, तू मामा आहेस, एकाच खोलीत बसता, तर जरा लक्ष ठेव. ताई, गेले सात महिने मी तुझ्या लेकीवर लक्ष ठेवण्यापलीकडे दुसरं काहीही केलेलं नाही. माझं दुखणं तेच आहे.

जेवते. बरोबर एक वाजता डबा उघडते, भाजी आधी संपवते आणि पोळी नुसती खाते (हे तू कधी शिकवलंस?). झोपही पुरेशी घेत असावी, कारण सकाळी माझ्या आधी आलेली असते आणि तिच्या डोळ्यांखाली काही नसतं. माझ्या असतं. आमच्या खोलीत दोन टेबलं आहेत. दाराजवळचं माझं, खिडकीजवळचं तिचं. खिडकीजवळचं आधी माझं होतं. ती आली तेव्हा मीच उदारपणे म्हणालो की बाळ, तू उजेडात बस. परिणाम असा झाला की आता इमारतीतला जो कोणी येतो तो दारात उभा राहून मला विचारतो, बबडी आहे का? एकोणीस वर्षं लोक या दारात मला भेटायला येत होते. आता मी ती आहे किंवा नाही असं सांगतो, कधी परत येईल तेही सांगतो, आणि निरोप असला तर चिठ्ठीवर लिहून तिच्या टेबलावर ठेवतो. परवा एकानं जाताना मला थँक्यू काका म्हटलं. त्याच्या प्रबंधाचा परीक्षक मी होतो.

तर लिहूनच टाकतो. मला तुझ्या लेकीचा हेवा वाटतो. पोटात दुखतं, अंगाची आग होते. सख्ख्या भाचीचा हेवा करणारा मामा तू कुठे पाहिला नसशील, तर हा बघून घे. तिला या कामात मीच आणलं, तिची शिफारस मीच केली, ती लहान असताना तिला टकरांची गोष्ट मीच सांगायचो आणि तेव्हा तू म्हणायचीस की पोरीला झोपू दे.

तुला आमचं काम मी दरवर्षी समजावतो आणि दरवर्षी तू भाऊजींना विचारतेस की हा नक्की करतो काय. तर पुन्हा एकदा. जमिनीखाली मैलोगणती लांबीचा गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉन उलटसुलट पळवून एकमेकांवर आदळवतात, सेकंदाला कोट्यवधी वेळा. आदळल्यावर जो चुरा उडतो तो चार मजली उपकरण टिपतं. जवळजवळ सगळा चुरा ओळखीचा असतो. आम्ही शोधतोय तो नवा कण, असलाच तर, अब्जावधी टकरांत एखाद्या वेळी डोकावून जाणार. मग त्याला वेगळा काढायचा कसा? त्यासाठी मी चाळणी केली. नऊ अटींची. ऊर्जा इतक्याच्या वर हवी, दोन तुकड्यांमधला कोन इतक्याच्या आत हवा, असं करत करत नऊ. जी टक्कर नऊही अटी पाळते ती ठेवायची, बाकीच्या टाकायच्या. तू कापड बेतताना एकदा खडूची रेघ मारलीस की मारलीस, तसं. पण एकेक रेघ ठरवायला मला वर्ष-वर्ष लागलं. सातव्या अटीला पावणेदोन वर्षं लागली, आणि तिच्यावर मी परिषदेत पंचवीस मिनिटं बोललो आहे (त्यातली पाच मिनिटं माईक बंद होता, पण बोललो आहे).

तुझी लेक आली आणि तिनं ठकी आणली. ठकी म्हणजे संगणकातलं एक जाळं. तिला अटी नाहीत, रेघा नाहीत, सातव्या अटीबद्दल आदर तर मुळीच नाही. बबडीनं तिला जुन्या, साध्या, ओळखीच्या टकरा दाखवल्या, कोट्यवधी. दाखवत राहिली. शेवटी ठकीला साधेपणाची इतकी सवय झाली की काही वेगळं समोर आलं की ती कपाळाला आठी घालते. म्हणजे शून्य ते एकमधला एक आकडा देते. शून्य म्हणजे नेहमीचं, एक म्हणजे हे काय भलतंच. का भलतंच, ते सांगत नाही. मी भर बैठकीत विचारलं की ठकीला कसं कळतं, तर बबडी शांतपणे म्हणाली, अजून सांगता येत नाही. ताई, मी असं उत्तर दिलं असतं तर मला खोलीबाहेर उभं केलं असतं. तिच्या उत्तरावर लोकांनी माना डोलावल्या.

आता मुख्य गोष्ट. नवा कण जिथे सापडू शकेल तेवढा माहितीचा भाग आम्ही बंद ठेवतो. त्याला आम्ही पेटी म्हणतो. पेटीत कुणीही डोकवायचं नाही, आमच्या गटाच्या प्रमुखबाईंनीसुद्धा नाही, कारण उत्तर आधी दिसलं की माणूस हवं ते उत्तर येईपर्यंत अटी हलवत बसतो. पद्धत आधी ठरवायची, तिची परीक्षा घ्यायची, आणि मगच पेटी एकदाच उघडायची. आमची पेटी गेली चार वर्षं बंद आहे. प्रमुखबाईंनी जाहीर केलं की पेटी एकाच पद्धतीनं उघडेल. मामाची चाळणी किंवा भाचीची ठकी. जी परीक्षेत पुढे ती राहील, दुसरी निवृत्त. त्या निवृत्त म्हणताना माझ्याकडे बघत होत्या असं मला वाटलं. ही म्हणते की त्या घड्याळाकडे बघत होत्या, घड्याळ माझ्या डोक्यावर आहे.

परीक्षा अशी असते. जुन्या, पाहून झालेल्या टकरांच्या ढिगात कुणीतरी गुपचूप काही खोट्या टकरा मिसळायच्या, जणू नवा कण खरोखर तिथे आहे. किती मिसळल्या, कुठल्या, ते कागदावर लिहून, पाकीट चिकटवून कार्यालयातल्या बाईंच्या कपाटात ठेवायचं. मिसळणारा कोण ते फक्त प्रमुखबाईंना ठाऊक. या वेळी मिसळणारा मी होतो. प्रमुखबाई म्हणाल्या की तुमच्याइतका विश्वासाचा माणूस या इमारतीत नाही. (हे वाक्य मी हिलाही सांगू शकलो नाही. असं वाक्य मला वारंवार मिळत नाही, आणि मिळालं तेव्हा तोंडाला कुलूप.)

आणि ताई, विश्वासाच्या माणसानं काय केलं ते ऐक. चाळीस खोट्या टकरा बनवल्या, आणि चाळीसही माझ्या नऊ अटींत अलगद बसतील अशा बेतल्या. प्रत्येक पाहुण्याची उंची माझ्या दाराच्या मापानं घेतली. मी स्वतःला सांगितलं की नवा कण असाच असणार, एकोणीस वर्षांचा अनुभव काय म्हणतो ते महत्त्वाचं. करताना जराही लाज वाटली नाही. उलट मजा आली. खिडकीजवळ तुझी लेक ठकीला दामटत होती आणि मी पाच हातांवर बसून तिच्यासाठी खड्डा खणत होतो, आणि मध्येच तिनं मला अर्धं सफरचंद आणून दिलं, ते मी खाल्लं.

निकालाच्या दिवशी खोली भरली होती. कार्यालयातल्या बाईंनी पाकीट उघडलं. मिसळलेल्या चाळीस. माझ्या चाळणीनं पकडल्या अडतीस (दोघी माझ्याच दारात का अडखळल्या ते मला अजून कळलेलं नाही). ठकीनं पकडल्या चाळीस. चाळीसपैकी चाळीस, एकही चुकली नाही, एकही जास्तीची नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. बसून वाजवल्या, गुडघ्याचं कारण होतं. कुणीतरी केक आणला, म्हणजे केक आधीच आणून ठेवलेला होता. घरी पोचलो तर ही फोनवर बबडीचं अभिनंदन करत होती आणि मला हातानं खूण केली की थांबा, महत्त्वाचा फोन आहे. त्या दिवशी मी न जेवता पडून राहिलो. हिला वाटलं केक बाधला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं की पोरगी आता चालताना जमिनीला पाय लावणार नाही. तर ती टेबलावर डोकं धरून बसलेली. केकचा तुकडा तसाच. मी (आतून गुदगुल्या होत असताना) विचारलं, काय झालं? तर म्हणाली, मामा, चाळीसपैकी चाळीस येतातच कसे? आपल्या उपकरणाला खाचा आहेत, फटी आहेत, चार-दोन तरी निसटायलाच हव्यात. ठकीनं काहीतरी भलतंच पाहिलंय. मी म्हटलं, अगं, जिंकलीस तर गप्प बस. हा सल्ला मी मनापासून दिला होता. तेवढाच.

ती गप्प बसली नाही. सहा दिवस ती ठकीची उलटतपासणी घेत होती. एकेका टकरीत शेकडो आकडे असतात. त्यातला एकेक गट ठकीपासून झाकून ठेवायचा आणि पुन्हा विचारायचं, आता ओळख. ऊर्जेचे आकडे झाकले, तरी चाळीस. दिशांचे झाकले, तरी चाळीस. म्हणजे ज्या गोष्टींवरून कण ओळखायचा त्या न बघताही ठकी चाळीसच्या चाळीस उचलत होती. सहाव्या दिवशी तिनं अगदी किरकोळ आकडे झाकले, ज्यांना आम्ही कचरा म्हणतो. उपकरणाच्या लाखो कप्प्यांत काही न पडतासुद्धा जी थोडी थोडी खुडबुड चालू असते ना, ती. झाकल्याबरोबर ठकी सहावर आली.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मला पसारा खपत नाही. तुझ्या मशीनखालच्या चिंध्या मी न विचारता फेकायचो आणि तू माझ्या मागे कापड मोजायचा गज घेऊन धावायचीस. खोट्या टकरा बनवायचा माझा प्रोग्राम एकोणीस वर्षांपूर्वी मीच लिहिलेला, आणि त्यात मी एक झाडू घातलेला आहे. किरकोळ खुडबुड दिसली की शून्य करून टाकायची, दिसायला नीटनेटकं. खऱ्या टकरीत एकही कप्पा पूर्ण गप्प नसतो. माझ्या चाळीसही टकरांत लाखो कप्पे स्वच्छ शून्य. ठकीनं कण पकडलाच नव्हता. तू जशी शिवण पाहून हा कुणाचा हात ते सांगतेस, तसा तिनं माझा हात पकडला होता.

सातव्या दिवशी बबडीनं बैठक बोलावली, तीच माणसं, तीच खोली. उभी राहिली आणि म्हणाली की माझा निकाल रद्द समजा, ठकीनं नवा कण ओळखलेला नाही, मिसळणाऱ्याची टापटीप ओळखली आहे, मी तिला पुन्हा शिकवते, परीक्षा पुन्हा घ्या. मिसळणारा कोण ते तिनं विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. सगळे फक्त वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्यासमोर चार पेन्सिली उतरत्या क्रमानं लावलेल्या होत्या. मी त्यातली एक वाकडी केली, पण उशीर झाला होता.

तुला वाटेल की त्या दिवशी मला आनंद झाला असेल. झाला, अर्धा मिनिट. मग जे पोटात दुखायला लागलं ते आजवरच्या दुखण्याच्या वरताण. ठकीचा हेवा परवडला, ताई. ठकी यंत्र आहे, यंत्राला काय, उद्या गंजेल. पण टाळ्या पडून गेल्यावर, केक कापून झाल्यावर, कुणी विचारलेलं नसताना उभं राहून माझं चुकलं असं म्हणायचं, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही केलेलं नाही. संधी तीनदा आली होती. एकदा तर सातव्या अटीच्याच बाबतीत. हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि तुलाही आत्ताच कळलं.

बैठकीनंतर खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं खुर्ची वळवली आणि हळूच विचारलं, मामा, चाळीसच्या चाळीस तुझ्याच नऊ अटींच्या मापानं बेतलेल्या कशा रे निघाल्या? म्हणजे तेही तिला दिसलं होतं. सहा दिवसांत कधीतरी दिसलं असणार, आणि बैठकीत ते तिनं सांगितलं नाही. आपली चूक सांगितली, माझी गिळली. मी म्हटलं, अनुभव. ती म्हणाली, बरं. आणि पुन्हा पडद्याकडे वळली. ताई, मी पाचवीत असताना तुझी भूमितीची वही माझं नाव घालून दाखवली होती आणि तू मास्तरांना काही बोलली नव्हतीस, त्या दिवशी मी जसा रडलो होतो तसंच रडू आलं. गुडघा दुखतो म्हणून बाहेर जाऊन आलो.

संध्याकाळी प्रमुखबाईंकडे गेलो आणि सांगितलं की दुसऱ्या परीक्षेसाठी मिसळणारा दुसरा घ्या. कारण विचारलं तर सांगितलं की टकरा मी माझ्या मापानं बेतल्या होत्या. एवढंच बोललो, पण बोललो. त्या म्हणाल्या, बसा. मी उभाच राहिलो. दुसऱ्या वेळी मिसळायचं काम उपकरणाच्या वायरी सांभाळणाऱ्या बाईंनी केलं. त्यांच्या टेबलावर इतका पसारा असतो की टेबलाचा रंग कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांच्या खोट्या टकरा हुबेहूब खऱ्यासारख्या खुडबुडत होत्या. निकाल गेल्या आठवड्यात लागला. मिसळलेल्या चाळीस, ठकीच्या एकोणतीस, माझ्या चाळणीच्या अकरा.

तर चाळणी निवृत्त झाली. पेटी ठकी उघडणार. लोक मला भेटले की आवाज उतरवून बोलतात, जणू माझ्या घरी काही झालंय. मी सगळ्यांना सांगतो की मला फार आनंद आहे, घरचीच पोर आहे. हे खरं आहे असं ही म्हणते. अजून तरी माझ्या पोटाला ते पटलेलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ आहे. पोरगी उत्तम आहे, तुझी काळजी करण्यासारखं तिच्यात काही नाही. कळावे. लोभ लेकीवर आहेच, त्यातून काही उरला तर इकडेही वळवावा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पेटी या शुक्रवारी सकाळी अकराला उघडायची आहे. उघडायची म्हणजे कुणीतरी एकानं एक बटण दाबायचं, आणि पडद्यावर कळणार की कण आहे की नाही. तो मान अर्थात बबडीचा. सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, मामा, बटण तू दाब. मी म्हणालो की शुक्रवारी अकराला मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. ताई, माझे दात ठणठणीत आहेत. मला कुठल्याही डॉक्टरांनी बोलावलेलं नाही. त्या पेटीत काय आहे ते बघण्यासाठी मी एकोणीस वर्षं काढली आहेत आणि तोंडातून दात निघाला.

ता. क. २. तर एक काम कर. तिला फोन करून सांग की मामाला अजून एकदा विचार. मी हो म्हणेन. मी सांगितलं असं सांगू नकोस, आपलं सहज सुचलं असं दाखव. फोन दुपारी एकला कर, नुसती पोळी खात असते तेव्हा उचलते. आज बुधवार. टपालानं हे पत्र पोचेपर्यंत शुक्रवार उलटून जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतो आहे. भाऊजींना दाखवू नकोस.

ता. क. ३. थांब, तसं सांगू नकोस. मी फोटो काढत होतो तेवढ्यात ती स्वतःच आली आणि तिनं पुन्हा विचारलं. अगदी नीट विचारलं, माझा हात धरून. आणि मी पुन्हा नाही म्हणालो. वर सांगितलं की दोन दात काढायचे आहेत. तेव्हा विचारायचं बंद करा, विचारलं की माझ्या तोंडून नाहीच येतं. तिला म्हणावं, शुक्रवारी पावणेअकराला काही न बोलता ये आणि मला ढकलत ने. माझ्या खुर्चीला चाकं आहेत.